फाटकाच्या आत काय चालते?

गळीत हंगाम सुरू झाला की वेळापूरहून अकलूजकडे निघालेल्या दुचाकीवाल्याला दोन गोष्टींपासून जपावे लागते. एक, पुढच्या डबल ट्रॉलीतून लोंबणारे ऊस. दुसरी, मागून मोठमोठ्याने गाणी वाजवत येणारा रिकामा ट्रॅक्टर. वारा फिरला की तिसरी गोष्ट आपोआप येते, ती म्हणजे वास. आंबूस, गोडसर, कपड्यांना धरून बसणारा. सोलापूर जिल्ह्यातल्या या माळशिरस तालुक्यातला माणूस नाक न मुरडता सांगतो, डिस्टिलरी चालू झालेली दिसते.

डिस्टिलरीत नेमके काय चालू झाले, हे मात्र तिथल्याच दहावीच्या वर्गात विचारून पाहावे. तोड, टोळी, काटा, उतारा, एफआरपी, दुसरा हप्ता हे शब्द पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. आत ऊस जातो आणि बाहेर इथेनॉलचा टँकर येतो, हेही त्यांनी रोज पाहिलेले असते. मधल्या भिंतीआड काय घडते, ते त्यांना कुणी सांगितलेले नसते. ज्या तालुक्याने देशाच्या पेट्रोलमध्ये आपला ऊस ओतला, त्या तालुक्याच्या शाळेत त्या इंधनाचा धडा नाही. हे बदलायला हवे. त्यासाठी नवे विद्यापीठ नको आणि परदेशी तज्ज्ञही नको.

साखरेचे नाते इथे जुने आहे. सासवडकडच्या माळी समाजातल्या शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात या तालुक्यात येऊन माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. सहकारी कारखानदारीचा जमाना सुरू व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्याच दशकात श्रीपूरला चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने पाय रोवले. मग अकलूजला शंकरराव मोहिते पाटलांचा सहकारी कारखाना आला, सदाशिवनगरचा आला. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर हा सगळा पसारा वाढला. आज राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेला जिल्हा म्हणून सोलापूरचे नाव घेतले जाते. तीन-चार पिढ्या कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावत आल्या, पण कारखान्यातले रसायनशास्त्र त्या घड्याळाबरोबर घरात आले नाही.

साखरेच्या मागून इथेनॉल आले. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याची देशातली पहिली चाचणी २००१ साली झाली, आणि ती ज्या तीन ठिकाणी झाली त्यातली दोन महाराष्ट्रातली होती: मिरज आणि मनमाड. २००३ पासून पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे बरीच वर्षे रेंगाळला. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी (जिच्यात अजून बरीच साखर उरलेली असते) आणि थेट उसाच्या रसापासून इथेनॉल काढायला वाट करून दिली, तेव्हा चित्र पालटले. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले गेले. २०३० साठी ठेवलेले वीस टक्क्यांचे उद्दिष्ट अलीकडे ओढले गेले आणि २०२५ मध्ये पेट्रोल पंपावर ई-२० हा रोजचा माल झाला.

आता भिंतीआड डोकावू.

गुऱ्हाळावर काम केलेल्या माणसाला पहिला टप्पा सांगायची गरज नाही. उसाचा रस दुपारपर्यंत तसाच ठेवला की तो आंबतो, फेसाळतो. हवेतले यीस्ट त्यातली साखर खाऊ लागते. डिस्टिलरीत हेच काम शिस्तीने होते. मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरलेला दाट पाक, पाण्याने पातळ करायची, तिच्यात निवडक यीस्ट सोडायचे, तापमान तीस-बत्तीस अंशांच्या आसपास राखायचे. टाकीत बुडबुडे येतात. ते बुडबुडे कार्बन डायऑक्साइडचे. शंभर किलो ग्लुकोज आंबवले तर हिशेबाने ५१ किलो अल्कोहोल आणि ४९ किलो हा वायू मिळतो. जवळजवळ अर्धे वजन हवेत जाते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. दहावीच्या पुस्तकातले रासायनिक समीकरण इथे टनावारी चाललेले असते. एक-सव्वा दिवसात आठ-दहा टक्के अल्कोहोल असलेले द्रावण तयार होते. यीस्टला त्याहून जास्त सोसत नाही. आपणच तयार केलेल्या दारूत ते गारद होते.

मग ऊर्ध्वपातन. अल्कोहोल पाण्याच्या आधी उकळते, म्हणून उंच मनोऱ्यात वाफ चढवत चढवत ते वेगळे करतात. इथे निसर्ग आडवा येतो. साडेपंचाण्णव टक्क्यांच्या आसपास पोहोचल्यावर पाणी आणि अल्कोहोल मिळून एकाच तापमानाला उकळू लागतात, कितीही उकळा. पेट्रोलमध्ये घालायला तर ९९.५ टक्के शुद्ध माल हवा. यावर तोड म्हणजे झिओलाइटची चाळणी. तिची छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत अडकतो आणि अल्कोहोलचा रेणू मोठा असल्याने बाहेरूनच पुढे जातो. दारू आणि इंधन यांत तांत्रिक फरक आहे तो एवढ्या शेवटच्या पायरीचा.

जाता जाता एका शब्दाची गंमत. डिस्टिलरीतला माणूस ‘मळी’ म्हणतो तेव्हा त्याला मोलॅसिस अभिप्रेत असते. शेतकरी ‘मळी टाकली’ म्हणतो तेव्हा त्याने रानात प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरलेला गाळ, पसरलेली असते. आणि वर्तमानपत्रात नदीत ‘मळीमिश्रित पाणी’ सोडल्याची बातमी येते तेव्हा ते असते स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरलेले काळे पाणी. एक लिटर अल्कोहोलमागे ते आठ ते पंधरा लिटर निघते आणि घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटीहून अधिक प्राणवायू खाते. आता त्यापासून गॅस काढतात, ते आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये मुरवून खत करतात. तीन वेगळ्या पदार्थांना एकच नाव असलेल्या मुलखात निदान शाळेने तरी त्यांची फोड करून सांगावी.

प्रश्न येईल की ही विद्या शिकायची कुठे? पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ पासून ती ऊस, साखर आणि मद्यार्क तंत्राचे काम करते, तिथे अभ्यासक्रम चालतात, कारखान्यांचे केमिस्ट तिथूनच तयार होऊन येतात. पुण्यातल्याच प्राज इंडस्ट्रीजने उभारलेल्या डिस्टिलऱ्या जगभर आहेत. हरियाणातल्या पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला, त्याचे तंत्रज्ञानही प्राजचेच. त्याची पूर्वतयारी दौंड तालुक्यातल्या प्रात्यक्षिक प्रकल्पात झाली होती. विद्या हाकेच्या अंतरावर आहे. पण ती पदवीनंतरची आहे, आणि वेळापूरच्या पोराला पदवीपर्यंत तिचे तोंडही दिसत नाही.

घरच्या घरी इथेनॉल करून शिकावे म्हटले तर कायदा आडवा आहे आणि तो रास्त आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा विनापरवाना ऊर्ध्वपातनाला गुन्हा मानतो. शिवाय हातभट्टीने गावोगाव किती संसार जाळले, हे सांगायला नको. तेव्हा इथेनॉल पाहावे ते डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत, केमिस्टच्या शेजारी उभे राहून. हाताने करून शिकण्यासाठी दुसरे इंधन आहे. ते परसात आहे, त्याला परवाना लागत नाही, आणि त्याचा इतिहास याच राज्यात आहे.

मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून वायू काढून त्यावर दिवे लावले गेले. देशातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी हा एक. पुढे कोकणात कणकवलीजवळ गोपुरीला अप्पा पटवर्धनांनी संडास आणि खत यांचा संसार जुळवून दाखवला. त्यांच्या प्रभावात आलेले डॉ. एस. व्ही. मापुसकर देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले आणि रोग्यांपेक्षा रोगाच्या मुळाशी गेले. गावाला संडास बांधायला लावले, संडासाला जोडलेल्या ‘मलप्रभा’ बायोगॅस संयंत्राची रचना केली, आणि अप्पांच्या नावाने तंत्रनिकेतन उभारून लोकांना शिकवलेही. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी खरकट्यावर, पिठावर चालणारे छोटे संयंत्र तयार केले आणि २००६ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला. त्याआधी २००२ मध्ये हाच पुरस्कार त्यांना उसाच्या पाचटापासून कोळसा बनवण्याच्या तंत्रासाठी मिळाला होता. पाचट पेटवून देणाऱ्या मुलखाने हे नाव तरी ऐकलेले असायला हवे होते. (पाचट जाळू नये, हे खरेच, पण ते सरीत आच्छादन म्हणून ठेवावे की कोळशाला द्यावे, यावर वाद होऊ शकतो. जमिनीच्या बाजूने मत देणारे जास्त भेटतील, आणि ते बरोबर असावेत.)

गोबर गॅस म्हटले की आजचा तरुण हसतो. त्याने आजोबांच्या गोठ्यामागे गंजलेली लोखंडी टाकी पाहिलेली असते. आत शेण वाळून कडक झालेले, वर घाणेरीचे झुडूप. ती टाकी का बंद पडली, हे कुणी विचारत नाही. बहुतेकदा कारणे तीनच असतात. टाकीला भोक पडले आणि वेल्डिंगवाला आला नाही. जनावरे विकली. किंवा अनुदानाच्या साली बांधले, पण चालवायचे कसे ते कुणी शिकवले नाही. तिसरे कारण सर्वांत मोठे आहे.

चालवणे म्हणजे काय, तेही जवळून पाहावे. सकाळी शेण तेवढेच पाणी घालून कालवायचे, काड्या-खडे वेचून काढायचे, आणि ते टाकीत सोडायचे. आत ऑक्सिजन नसतो. एका जातीचे जिवाणू शेणातले पदार्थ फोडून आम्ले करतात, दुसऱ्या जातीचे त्या आम्लांचा मिथेन करतात. पहिली जात चपळ, दुसरी आळशी. म्हणून नव्या टाकीत पहिल्या काही दिवसांत वायू भरतो, टाकी वर येते, घरातली बाई काडी लावते आणि ज्योत काही धरत नाही. कारण त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो. तो वायू सोडून द्यायचा आणि थांबायचे. मिथेनचे प्रमाण निम्म्याच्या वर गेले की निळी ज्योत येते, आवाज न करणारी. एकदा ती पाहिलेला मुलगा जीवशास्त्राच्या पुस्तकातले जिवाणूंचे पान विसरत नाही.

वारीच्या दिवसांत अशा टाकीची परीक्षाच व्हावी. ज्ञानोबांची पालखी माळशिरसहून वेळापूरला मुक्कामाला येते तेव्हा लाखोंचा समाज गावात उतरतो. दरवर्षी कुणीतरी हौशी माणूस म्हणतो, वारीच्या एवढ्या खरकट्यापासून गॅस का करत नाही? करता येईल, पण वर्षातून एका रात्री नव्हे. टाकीला रोजचे जेवण लागते. महिनाभर उपाशी ठेवून एका दिवशी पंगत वाढली तर आत आम्ले साचतात, मिथेनवाले जिवाणू मरतात आणि टाकी आंबून बसते. तिला अजीर्ण होते, असेच म्हणायचे. गावात शाळेच्या पोषण आहाराचे उरलेले अन्न, आठवडी बाजारातला सडका भाजीपाला आणि दहा-वीस गोठ्यांचे शेण एवढे रोज मिळते. जैवइंधन शिकणे म्हणजे अशा हिशेबात तयार होणे. घोषणा कुठली टिकेल आणि कुठली टिकणार नाही, हे ओळखणे त्यातच आले.

हिशेबाचीच आणखी उदाहरणे घ्या. एक किलो शेणापासून साधारण चाळीस लिटर वायू मिळतो. एक घनमीटर बायोगॅस चुलीवर अदमासे ४३० ग्रॅम एलपीजीइतके काम करतो. मग १४.२ किलोच्या सिलिंडरला किती शेण? सव्वाआठशे किलो. दोन जनावरांच्या गोठ्यात ते चाळीसेक दिवसांत जमते. सातवीच्या मुलाला सुटणारे हे गणित आहे.

दुसरे गणित मोटारसायकलवाल्यांसाठी. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. वीस टक्के मिसळले की बिनमिश्रणाच्या पेट्रोलपेक्षा ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते. ई-२० ने गाडीचे ‘अ‍ॅव्हरेज’ निम्मे झाले म्हणणारा आणि काहीच फरक पडत नाही म्हणणारा, दोघेही एका फळ्यावर खोटे पडतात.

तिसरे गणित जरा बोचरे आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ते दिले आहे. एक किलो साखरेमागे उसाला १,६०० ते २,००० लिटर पाणी लागते, एक टन उसात शंभर किलो साखर किंवा सत्तर लिटर इथेनॉल. वरचा आकडा धरून भागाकार केला तर लिटरभर इथेनॉलमागे २,८६० लिटरच्या आसपास पाणी. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे या जिल्ह्यातून निघणाऱ्या टँकरमध्ये इंधनाच्या रूपाने नीरा आणि भीमाच वाहून जातात. उसाच्या पट्ट्यात हे बोलणे कुणाला आवडत नाही. म्हणूनच ते वर्गात बोलले जावे.

आणि बोलताना ज्वारीचे नाव निघायला हवे. हा मंगळवेढ्याच्या ज्वारीचा, मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या मालदांडी ३५-१ चा जिल्हा आहे. वेळापूरहून पालखी मार्गावर चार मुक्काम मागे फलटण लागते. तिथे बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने गोड ज्वारीवर वर्षानुवर्षे काम केले, ‘मधुरा’ हा वाण दिला. कणसातून दाणे, ताटातून गोड रस, चिपाडाचा चारा, आणि हे सगळे चार महिन्यांत, उसापेक्षा कितीतरी कमी पाण्यात. अमेरिकेतून परतलेले डॉ. अनिल राजवंशी यांनी तिथेच सौर उष्णतेवर त्या रसापासून इथेनॉल काढून दाखवले, इथेनॉलवर चालणाऱ्या चुली आणि कंदील बनवले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. मग रानोमाळ गोड ज्वारी का दिसत नाही? तोडल्यावर तिचा रस लगेच काढावा लागतो, हंगाम आखूड असतो, आणि डिस्टिलऱ्यांची सगळी मांडणी मळीवर झालेली आहे. ही कारणे खरी आहेत. पण त्यांवर उत्तर शोधायला जो विद्यार्थी लागतो, तो मोहोळ-मंगळवेढ्याच्या टापूत जन्मलेलाच हवा.

फसलेल्या गोष्टीही तितक्याच शिकण्याजोग्या आहेत. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाने मोगली एरंडाचा, म्हणजे जट्रोफाचा, मोठा डंका पिटला. पडीक जमीन, पाणी नको, गुरे खात नाहीत, बियांतून डिझेल. झाडे लागली, बिया आल्या नाहीत. पाण्याशिवाय जगणारे झाड पाण्याशिवाय फळत नाही, एवढी साधी गोष्ट शेतकऱ्याला विचारली असती तर कळली असती. बायोडिझेलची क्रिया मात्र बिनतोड आहे. तेलात मिथेनॉल आणि थोडा दाहक सोडा घातला की खाली ग्लिसरीन बसते आणि वर बायोडिझेल. वडा-भजीच्या गाड्यांवरचे काळे पडलेले तेल त्याला चालते. ही क्रिया महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका तासात दाखवता येते. मिथेनॉल विषारी असल्याने ती शिक्षकांनी मात्र स्वतः करावी.

शेतकऱ्याच्या खिशाचा प्रश्नही या न शिकवलेल्या धड्याशीच जोडलेला आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी घातली, आठवड्याभरात ती सैल केली, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस उठवली. व्याजसवलतीचे कर्ज काढून बांधलेल्या टाक्या त्या काळात तशाच उभ्या होत्या. उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, २०२५-२६ साठी टनाला ३,५५० रुपयांवर गेली, पण रसाच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ पासून लिटरला ६५.६१ रुपयांवर थबकलेलाच होता. त्याच वेळी मका पुढे सरकला. २०२३-२४ मध्ये पहिल्यांदाच देशाच्या निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून निघाले. या घडामोडी सभासदाला वार्षिक सभेत अहवालाच्या जाड पुस्तकातून कळतात, तेही कळल्या तर. टनाला सत्तर लिटर आणि लिटरला पासष्ट रुपये हा गुणाकार ज्याला येतो, तो सभेत वेगळे प्रश्न विचारतो. कदाचित म्हणूनच हा धडा कुणाला घाईने शिकवावासा वाटत नसेल.

मागणी मोठी नाही. तालुक्यातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत दोन घनमीटरचे एक बायोगॅस संयंत्र असावे, आणि त्याची नोंदवही मुलांनी ठेवावी: रोज किती घातले, किती वायू आला, आम्लता किती. अकलूजच्या महाविद्यालयांनी आणि मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्राने त्यांना मार्गदर्शन करावे. आणि कारखान्यांनी फाटक उघडावे. हंगाम संपला की आत ओव्हरहॉलिंग सुरू होते, आंबवणाच्या टाक्या धुतल्या जातात, यंत्रांची झाकणे निघतात. आषाढात पालखी वेळापूरवरून पुढे जाते तोवर शाळाही सुरू झालेल्या असतात. मुलांना आत न्यायला यापेक्षा सोयीचे दिवस नाहीत. टाकीच्या तळाशी मात्र कुणाला उतरू देऊ नये. तिथे कार्बन डायऑक्साइड साचून राहतो, आणि त्याला वास नसतो.